२६/११ नंतर काय बदलले आणि काय राहून गेले

२९ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी ताजमहाल हॉटेलातले शेवटचे अतिरेकी मारले गेले आणि मुंबईवरचा हल्ला संपला. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. त्यानंतरच्या दिवशी राज्याचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील पायउतार झाले आणि आठवडाभरात मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या जागी अशोक चव्हाण आले. आर. आर. आबांना मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतच असतात या अर्थाचे त्यांचे हिंदी वाक्य भोवले. विलासराव ताजची पाहणी करायला गेले तेव्हा त्यांच्यासोबत अभिनेता मुलगा आणि एक चित्रपट दिग्दर्शक होते, हे दृश्य दूरचित्रवाणीवर दिसल्यावर लोकांचा संताप आवरण्यापलीकडे गेला. मुख्यमंत्रिपद आपल्याला मिळाले नाही म्हणून नारायण राणे यांनी पक्षनेतृत्वाविरुद्ध जाहीर बंड केले आणि काँग्रेसने त्यांना निलंबित केले. शहरात अंत्ययात्रा अजून निघत होत्या आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांची पहिली पाने खुर्चीच्या बातम्यांनी भरू लागली होती.

त्या राजीनाम्यांना मी क्षुल्लक मानत नाही. १६६ माणसे मारली जातात तेव्हा सत्तेवरच्या कोणीतरी 'ही जबाबदारी माझी' असे म्हणायलाच हवे, आणि त्या वेळी ते म्हटले गेले. पुलवामानंतर किंवा पहलगामनंतर असा एकही केंद्रीय मंत्री पुढे आला नाही, याची खंत मला आहे. परंतु वर्षभरात काय झाले हेही पाहायला हवे. मे २००९ मध्ये विलासराव केंद्रीय मंत्रिमंडळात गेले आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीनंतर आर. आर. पाटील पुन्हा राज्याचे गृहमंत्री झाले. माणसे बदलली आणि परत आली, पण ज्या व्यवस्थेतल्या त्रुटींमुळे कराचीहून निघालेले दहा जण समुद्रमार्गे थेट कुलाब्यात उतरू शकले, तिच्यात या बदल्यांमुळे काहीच फरक पडला नाही. अतिरेकी हल्ल्याला राजकारण जेव्हा उत्तर देते, तेव्हा महिनाभरात करून दाखवता येईल ते आधी होते आणि ज्याला दहा-पंधरा वर्षे चिकाटीने लागावे लागते ते मागे पडते. देशाचे दीर्घकालीन नुकसान या मागे पडलेल्या कामात असते असे माझे मत आहे, आणि ते मला महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधाराने मांडायचे आहे.

हल्ल्याचा निवडणुकीवर परिणाम होतो हे आपण गृहीतच धरतो, पण तो अपेक्षित दिशेने होतो असे दिसत नाही. ताजमधली लढाई ज्या दिवशी संपली, त्याच दिवशी दिल्ली विधानसभेचे मतदान होते. केंद्रातल्या सरकारला याची जबर किंमत मोजावी लागेल असे बहुतेकांना वाटत होते, भारतीय जनता पक्षाच्या प्रचारातही दहशतवादाचा मुद्दा पुढे होता, आणि तरीही शीला दीक्षित तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्या. पुढे २००९ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेस आणि राष्ट्रवादीने जिंकल्या. मनसेने युतीची मते खाल्ली हे त्याचे एक मोठे कारण होते, पण मला त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी वाटते. ज्या दक्षिण मुंबईत ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस ही सगळी ठिकाणे येतात, जिथे ३ डिसेंबरला गेटवेसमोर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते आणि राजकारण्यांविरुद्ध घोषणा देत होते, त्या मतदारसंघात पाच महिन्यांनी जेमतेम ४० टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. राजकारण्यांवरचा राग खरा होता, पण तो मतदान केंद्रापर्यंत पोहोचला नाही. शिवाय त्या रागाचा रोख सरसकट सगळ्या राजकारणावर होता. असा सरसकट राग कोणत्याही पक्षाला पचवायला सोपा जातो, कारण त्यात अमुक निर्णय अमुक माणसाने का घेतला नाही हा प्रश्नच नसतो.

याच्या उलट उदाहरण स्पेनचे आहे. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या उपनगरी गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट होऊन १९० हून अधिक लोक मेले आणि तीनच दिवसांनी तिथे सार्वत्रिक निवडणूक होती. सत्ताधारी पक्ष जनमत चाचण्यांमध्ये पुढे होता. पुरावे इस्लामी अतिरेक्यांकडे बोट दाखवू लागले तरी सरकार बास्क फुटीरतावादी संघटना 'एटा'चेच नाव घेत राहिले, कारण हल्ल्याचा संबंध इराकमध्ये सैन्य पाठवण्याच्या निर्णयाशी जोडला गेला असता तर ते त्याला परवडणारे नव्हते. लोकांना हे जाणवले आणि सरकार पडले. नव्या पंतप्रधानांनी काही आठवड्यांत इराकमधून सैन्य परत बोलावले. हल्ला झाला म्हणून सरकार पडले असे तिथे सरळ म्हणता येत नाही. हल्ल्यानंतरच्या तीन दिवसांत सरकार लोकांशी कसे बोलले, याचा तो निकाल होता असे मी मानतो.

सरकारच्या बोलण्याचा विषय निघाला म्हणून मुंबईतल्या दोन असत्य विधानांचा उल्लेख करतो, कारण ती शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मला हा विषय पुरा झाल्यासारखा वाटत नाही. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ लोक मेले. दोनच महिन्यांपूर्वी शहर दंगलींत होरपळले होते. स्फोट झाले ती ठिकाणे प्रामुख्याने हिंदूबहुल वस्तीतली होती. शरद पवार यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेऊन आठवडाही झाला नव्हता. त्या संध्याकाळी दूरदर्शनवर बोलताना त्यांनी स्फोटांच्या ठिकाणांमध्ये मुस्लिमबहुल मशीद बंदरचीही भर घातली, जिथे स्फोट झालाच नव्हता. दोन्ही समाजांना आपल्यावर घाला घातला गेला असे वाटावे आणि पुन्हा दंगल पेटू नये म्हणून आपण हे जाणूनबुजून केले, असे त्यांनी नंतर अनेकदा उघडपणे सांगितले आहे. दंगल पेटली नाही.

दुसरे विधान २६/११ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबच्या खटल्याच्या काळातले. तुरुंगात कसाबने मटण बिर्याणी मागितली, ही गोष्ट देशभर इतकी पसरली की पुढची कित्येक वर्षे निवडणुकीच्या सभांमध्ये 'अतिरेक्यांना बिर्याणी' हा शब्दप्रयोग चालत राहिला. २०१५ साली विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच सांगितले की, कसाबने अशी मागणी कधी केलीच नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट तयार होऊ लागली होती, ती मोडण्यासाठी आपण ते रचले. हा खुलासा ज्यांच्यापर्यंत पोहोचला त्यांच्या कितीतरी पट लोकांपर्यंत मूळ गोष्ट आधीच पोहोचली होती. पवारांनी सांगितले तेही असत्यच होते आणि सरकारने असत्य बोलावे का हा प्रश्न तिथेही उरतो, तरी त्यांच्या बोलण्याने त्या रात्री माणसे वाचली असतील असे मी मानतो. बिर्याणीच्या गोष्टीने मात्र कोणाचेही रक्षण केले नाही. उलट ज्या खटल्याचा भारताला सार्थ अभिमान वाटावा, त्याच खटल्याविषयी 'सरकार अतिरेक्यांचे लाड करते' असा समज लोकांच्या मनात पक्का झाला.

तो खटला अभिमान वाटावा असाच होता. सीएसटी स्थानकात असंख्य लोकांनी ज्याला गोळ्या झाडताना पाहिले, ज्याचे हातात बंदूक घेतलेले छायाचित्र जगभर छापले गेले, त्याला वकील देऊ नये असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. तरीही न्यायालयाने त्याला वकील दिला, आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले आणि न्या. ताहिलियानी यांनी मे २०१० मध्ये निकाल दिला. शिक्षेची तपासणी उच्च न्यायालयाने केली, मग सर्वोच्च न्यायालयाने केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता झाली आणि ती वरच्या दोन्ही न्यायालयांत टिकली. देशभर इतका प्रक्षोभ असतानाही एका न्यायाधीशाने त्याच निकालपत्रात एकाला दोषी आणि दोघांना निर्दोष ठरवले. याहून ठोस उत्तर हल्लेखोरांना आणि त्यांना पाठवणाऱ्यांना आपल्या देशाने कधी दिले असेल असे मला वाटत नाही.

मुंबईच्या मुसलमान समाजाचेही उत्तर असेच ठाम होते. मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान ज्या विश्वस्त संस्थेकडे आहे, तिने मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांच्या दफनाला जागा देण्यास नकार दिला. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते आणि शेवटी २०१० च्या जानेवारीत सरकारने ते गुप्तपणे पुरले. सीएसटीच्या मुख्य मार्गावरील गाड्यांच्या दालनात जे प्रवासी मारले गेले, त्यांत गावाकडे जायला बोचकी-बॅगा घेऊन बसलेली मुसलमान कुटुंबेही होती. त्या दालनाकडे कॅमेऱ्यांचे लक्ष फार थोडा वेळ राहिले. ताजच्या घुमटातून निघणारा धूर तीन दिवस घराघरांत दिसत राहिला, आणि त्या थेट प्रक्षेपणातून आत लपलेल्यांच्या जिवाला धोका निर्माण झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना कसाबच्या निकालपत्रातच खडे बोल सुनावले. अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणावर बंदी घालणारा नियम त्यानंतर, २०१५ साली, आला.

आता कायद्याकडे वळतो. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ साली आला आणि दहा वर्षांनी गैरवापराच्या तक्रारींमुळे संपला. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ साली तशाच धर्तीचा पोटा आला आणि २००४ साली नव्या सरकारने तो रद्द केला. म्हणजे दोन्ही वेळा काही वर्षांनी का होईना, पण चूक मागे घेतली गेली होती. २६/११ नंतर तीन-चार आठवड्यांच्या आत संसदेने राष्ट्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एनआयएचा, कायदा केला आणि यूएपीए या बेकायदा कृत्ये रोखण्याच्या जुन्या कायद्यात दुरुस्ती केली. आरोपपत्राशिवाय कोठडीत ठेवण्याची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येऊ लागली. आरोप सकृद्दर्शनी खरा आहे असे पोलिसांच्या कागदांवरून न्यायालयाला वाटले तर जामीन द्यायचा नाही, असे कलम आले. टाडा आणि पोटा यांना ठरावीक मुदत तरी होती, या दुरुस्तीला ती नव्हती. जो पक्ष तोपर्यंत पोटाला विरोध करत होता, त्यानेच हे केले आणि विरोधी पक्षाने हे पुरेसे नाही अशी तक्रार केली. अशा वातावरणात वर्षानुवर्षे टिकणाऱ्या तरतुदींवर शांतपणे विचार होणे शक्यच नव्हते. २०१९ साली त्यात आणखी भर पडली आणि संघटनेप्रमाणेच एखाद्या व्यक्तीलाही खटल्याविनाच दहशतवादी घोषित करता येऊ लागले.

या कायद्याची गरजच नव्हती असे माझे म्हणणे नाही. सीमेपलीकडून आखल्या जाणाऱ्या हल्ल्याचा तपास एखाद्या जिल्ह्याच्या पोलिसांच्या आवाक्यातला नसतो आणि केंद्रीय तपास संस्था हवीच होती. तहव्वूर राणा याला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारतात आणता आले, त्यामागे याच संस्थेचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे. प्रश्न आहे तो जामिनाच्या कलमाचा. भीमा-कोरेगाव प्रकरणाचा तपास जानेवारी २०२० मध्ये, राज्यात सरकार बदलून दोनच महिने झाले असताना, केंद्राने एनआयएकडे घेतला आणि त्याच प्रकरणातले आरोपी, आदिवासींमध्ये काम करणारे ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी खटला उभा राहण्यापूर्वीच, जुलै २०२१ मध्ये, कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात वारले. आरोप खरे होते की खोटे हे ठरवण्याची वेळच आली नाही. २००८ च्या डिसेंबरात ज्यांनी या दुरुस्तीला हात वर केले त्यांच्यासमोर समुद्रातून आलेले बंदूकधारी होते. त्या कलमाच्या कक्षेत पुढे कोण कोण येईल, याचा विचार करायला त्यांनी स्वतःला वेळ दिला नाही.

कडक कायद्यामुळे निदान गुन्हेगार पकडले जातात, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो तपासून पाहायचा तर ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधल्या स्फोटांकडे पाहावे लागते. मी डोंबिवलीकर असल्याने माझा प्रवास मध्य रेल्वेचा, पण पश्चिम रेल्वेवरच्या त्या संध्याकाळचा धसका सगळ्याच लोकल प्रवाशांनी घेतला होता. माटुंगा रोडपासून मीरा रोडच्या पुढपर्यंत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत, ऐन घरी परतण्याच्या वेळी. १८० हून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावल्या, लोक कामावर गेले आणि 'मुंबईचे स्पिरिट' म्हणून सगळीकडे कौतुक झाले. ज्याच्या घरात रोजचा पगार आल्याशिवाय चूल पेटत नाही, त्याच्या नाइलाजाला धैर्य म्हटले की सरकारला दुसरे काही करावे लागत नाही. मला तो शब्द तेव्हापासून सहन होत नाही.

राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, काही महिन्यांत तेरा जणांना पकडले आणि मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लावला. मकोकात पोलीस उपायुक्तासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष सोडले. कबुलीजबाब छळ करून घेतलेले वाटतात, त्यांतला मजकूर एकमेकांशी शब्दशः जुळतो, काही साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले, ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तिचा अधिकारच नव्हता आणि स्फोटात कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला हेदेखील सरकारी पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने नोंदवले. गुन्ह्याचा छडा लागला आहे असा खोटा देखावा उभा केल्याने लोकांचा विश्वास तर ढळतोच, शिवाय खरा धोका मोकळाच राहतो, या आशयाचे मतही निकालात आहे. बारा जणांतला एक निकालाची वाट पाहत २०२१ साली तुरुंगातच मेला होता. सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देता येणार नाही अशी स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

या निकालानंतर बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मुंबईच्याच विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडले. तिथे सहा माणसे मेली होती. मालेगावातल्याच २००६ च्या स्फोटांसाठी ज्या नऊ मुसलमानांना पकडले होते, त्यांनी कित्येक वर्षे तुरुंगात काढली आणि २०१६ साली ते आरोपमुक्त झाले. त्या दहा दिवसांतल्या प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचल्या. लोकल स्फोटांच्या निकालाला धक्कादायक म्हणून राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. मालेगावच्या निकालाचे मात्र सत्ताधाऱ्यांनी स्वागत केले आणि अपील करायला मृतांच्या कुटुंबीयांना स्वतः उच्च न्यायालयात जावे लागले. विरोधकांपैकीही अनेकांना यांतला एकच निकाल न्याय्य वाटला. दोन्ही वेळा तपास आमच्या राज्याच्या एटीएसने सुरू केला होता आणि दोन्ही वेळा न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवला, ही साधी गोष्ट मांडणारा आवाज या गदारोळात क्षीण होता.

हेमंत करकरे हे नाव या साऱ्याच्या मधोमध येते. मालेगावच्या दुसऱ्या स्फोटाचा तपास ते एटीएसचे प्रमुख म्हणून करत होते आणि त्यावरून त्यांच्यावर कडवट टीका चालू होती. २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासह ते मारले गेले आणि टीका करणारे एका रात्रीत त्यांना हुतात्मा म्हणू लागले. महिनाभरातच केंद्रीय मंत्री ए. आर. अंतुले यांनी त्यांच्या मृत्यूविषयी संशय व्यक्त करून संसदेत वादळ उठवले आणि सरकारला त्याचे खंडन करावे लागले. २०१९ साली मालेगाव खटल्यातल्या आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर यांनी आपल्या शापामुळे करकरे मेले असे भोपाळच्या प्रचारात म्हटले, गदारोळ झाल्यावर ते मागे घेतले आणि त्या निवडूनही आल्या. ज्या अधिकाऱ्याने शहरासाठी प्राण दिला त्याच्याविषयीही या देशाला एका सुरात बोलता येऊ नये, ही अतिरेकी हल्ल्याने केलेली इजा आहे असे मी समजतो. बंदुकीच्या गोळ्यांनी ती झाली नाही, पण ती भरूनही येत नाही.

परराष्ट्र धोरणाविषयी थोडक्यात लिहितो. २००८ साली भारताने पाकिस्तानवर लष्करी कारवाई केली नाही, चर्चा थांबवली आणि पुरावे जगासमोर ठेवले. उरीनंतर सर्जिकल स्ट्राइक झाला, पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेल्यावर बालाकोटवर हवाई हल्ला झाला, आणि पहलगामनंतर मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झाले. यापुढचा अतिरेकी हल्ला हा युद्धाचे कृत्य मानला जाईल, असेही सरकारने जाहीर केले. प्रतिकार करण्याचा हक्क देशाला आहेच आणि त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र प्रत्येक वेळी उत्तर आधीपेक्षा मोठे असलेच पाहिजे अशी अपेक्षा राजकारणाने लोकांमध्ये रुजवली, तर पुढच्या वेळी किती दूर जायचे हे दिल्लीत ठरण्याऐवजी चार बंदूकधाऱ्यांच्या हाती जाते.

पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते आणि त्यांतले तिघे आमच्या डोंबिवलीचे. गाव बंद होते, दुकानांची शटरे खाली होती आणि मी रस्त्यावर जे ऐकले त्यात दुःख आणि संताप दोन्ही होते. त्याच आठवड्यात देशाच्या अनेक शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना धमकावले गेले. पहलगाममध्ये पर्यटकांना वाचवताना एक स्थानिक घोडेवालाही मारला गेला होता, याचा त्यांना धमकावणाऱ्यांना विसर पडला. हल्ल्यात पती गमावलेल्या एका तरुण स्त्रीने, मुसलमानांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा, असे सांगितले तेव्हा समाजमाध्यमांवर तिलाच अत्यंत घाण भाषेत लक्ष्य केले गेले. तिच्या नावाने संतापणारे लोक तिचे म्हणणे ऐकून घ्यायला तयार नव्हते.

राहून गेलेल्या कामाकडे शेवटी येतो. २६/११ च्या रात्री सीएसटीवर रेल्वे पोलिसांकडे लाठ्या आणि जुन्या थ्री नॉट थ्री रायफली होत्या. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहून शेकडोंना वाचवले. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या, आणि म्हणून तो जिवंत सापडला. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. हल्ल्याच्या वेळच्या पोलिसांच्या कामाची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने नंतर नोंदवले की, गोळ्यांच्या टंचाईमुळे पोलिसांचा गोळीबाराचा सरावच होत नव्हता. समितीने पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वावरही ठपका ठेवला. मानेसरहून एनएसजी या केंद्रीय कमांडो दलाचे जवान मुंबईत येऊन कामाला लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. पुढे मुंबईत एनएसजीचे केंद्र आले, राज्याने फोर्स वन हे कमांडो पथक उभारले, समुद्रसुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे गेली. ही कामे झाली आणि त्यांचे श्रेय द्यायलाच हवे. पण प्रधान समितीने सुचवलेले शहरभरचे सीसीटीव्ही जाळे निविदांच्या घोळात अडकून प्रत्यक्ष उभे राहायला २०१६ साल उजाडले, म्हणजे मधे दोन मुख्यमंत्री होऊन गेले आणि तिसरे पदावर होते.

मच्छीमार नगरच्या कोळी मंडळींनी त्या रात्री रबरी बोटीतून उतरणाऱ्या, पाठीवर जड पिशव्या असलेल्या अनोळखी तरुणांना पाहिले होते आणि कोण रे तुम्ही म्हणून हटकलेही होते. त्यांना उर्मट उत्तर मिळाले. किनाऱ्यावरच्या माणसाने हटकले तर त्याची दखल घेणारा पोलीस दहा मिनिटांत तिथे पोहोचला पाहिजे, एवढी साधी व्यवस्था रडारच्या साखळीइतकीच महत्त्वाची आहे. तिला उद्घाटनाची फीत नसते, म्हणून ती कोणत्याच जाहीरनाम्यात येत नाही.

लोकलमधल्या स्फोटांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. ते बारा जण दोषी नसतील तर स्फोट कोणी केले, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या निकालाने उघडा टाकला आहे. २००८ साली मुंबई गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनच्या काही जणांना पकडले, तेव्हा त्यांतल्या एकाने हे स्फोट आपल्या गटाने केल्याचे सांगितल्याची माहिती पुढे आली होती. एकाच शहराच्या पोलिसांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन कहाण्या तेव्हापासून आहेत. राज्य सरकारने अपील केले हे योग्यच झाले, पण तपासात नेमके कोण आणि कुठे चुकले याची स्वतंत्र चौकशी करा, गरज पडली तर नव्याने तपास करा, ही मागणी विधिमंडळात सत्ताधाऱ्यांकडून किंवा विरोधकांकडून ठामपणे झालेली मला ऐकू आली नाही. स्फोटांत मुलगा, भाऊ, वडील गमावलेली कुटुंबे वसई, विरार, मीरा रोडला आजही राहतात, त्यांच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा आणि गृहमंत्र्यांनी सभागृहात त्याचे लेखी उत्तर द्यावे.